युनिव्हर्सल इग्नायटर संच: मॉड्यूल उत्तम, कांड्या मात्र मापूनच घ्या

ऑटो इग्निशनच्या शेगडीसाठी ‘युनिव्हर्सल’ म्हणून जो संच मिळतो, त्यात साधारण एवढंच असतं: दीड व्होल्टच्या एका सेलवर चालणारं चार तोंडांचं स्पार्क मॉड्यूल (ठिणगीसाठी वीज तयार करणारी छोटी पेटी, प्रत्येक तोंडाला एका कांडीची तार), सेलची डबी, तारेसकट चार कांड्या आणि त्या जागेवर धरून ठेवणाऱ्या क्लिपा. कांडी म्हणजे बर्नरशेजारची पांढऱ्या सिरॅमिकची नळी, जिच्या टोकातून धातूचा तुकडा डोकावतो. यातलं मॉड्यूल डोळे झाकून घ्यावं असं आहे. कांड्यांबाबत ते म्हणता येत नाही. ‘युनिव्हर्सल’ हा शब्द नेमका तिथेच फसवा ठरतो.

हा संच प्रत्येक शेगडीला चालत नाही. नॉब दाबून फिरवल्यावर एकदाच ‘खट्’ आवाज येऊन ठिणगी पडत असेल तर ती पिझोची, म्हणजे दाबाने वीज तयार करणाऱ्या स्फटिकाची शेगडी. तिला सेल नसतो आणि हे मॉड्यूल तिच्या उपयोगाचं नाही. नॉब दाबून धरल्यावर एकसारखी टकटक होत असेल, तरच पुढचं वाचावं. मॉड्यूल थेट विजेवर चालणारं असेल तर बदली मॉड्यूलही त्याच जातीचं लागेल.

मागवण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा, कारण बदललेल्या पुष्कळ इग्नायटरांत मुळात काहीच बिघडलेलं नसतं. गॅस रेग्युलेटरपाशी बंद करा, स्वयंपाकघरात अंधार करा आणि नॉब दाबून बर्नरकडे नीट बघा. बहुतेक शेगड्यांत कुठलाही नॉब दाबला तरी सगळ्या बर्नरांवर एकदमच ठिणगी पडते. कुठेच काही नाही आणि आवाजही नाही, तर आधी सेल बदला आणि डबीतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढलाय का ते पाहा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो. त्यावर टकटक संथ होते आणि मॉड्यूल उगाच बदनाम होतं. नॉब सोडूनही टकटक थांबत नसेल तर दोष नॉबखालच्या स्विचचा असतो. सगळे स्विच समांतर जोडलेले असल्यामुळे उतू गेलेलं दूध एकात शिरलं तरी सगळे बर्नर ठिणग्या टाकत राहतात. तो स्विच वाळवा किंवा बदला. नवं मॉड्यूल लावलं तर तेही तशीच टकटक करत बसेल.

तीन बर्नर नीट आणि एकच रुसलेला असेल, तर संशय कांडीवर. निरोगी ठिणगी निळसर-पांढरी असते आणि टोकावरून समोरच्या बर्नरच्या कडेवर नेमकी उडते. सिरॅमिकला तडा गेला असेल तर ती टोकापर्यंत पोचतच नाही, मधूनच शेजारच्या पत्र्यावर उडते. हा तडा केसाएवढा असतो. कांडी बाहेर काढून नळीवरून नख फिरवलं की तो लागतो, बहुतेकदा त्याच्या कडेने बारीक काळी रेघही उमटलेली असते. अशी कांडी बदलायचीच, सिरॅमिक चिकटवून ती टिकत नाही. तडा नसून नुसता तेलकट थर असेल तर कोरड्या टूथब्रशने नळी आणि बारीक पॉलिश पेपरने टोक घासलं की काम होतं. बर्नरची टोपी तिरकी बसली असली तरी ठिणगी चुकते, म्हणून आधी टोपी उचलून नीट बसवून बघावी.

आता मापं. पहिलं, शेगडीच्या भोकात बसणाऱ्या सिरॅमिकचा व्यास. नवी कांडी सैल बसली तर हलते, आणि घट्ट बसली म्हणून दाबली की तडकते. दुसरं, नळीच्या कठड्यापासून टोकापर्यंतची उंची, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. टोक आणि बर्नर यांत ३ ते ५ मिलिमीटर फट हवी. टोक उंच झालं तर टोपीला टेकतं आणि ठिणगीच पडत नाही. बुटकं राहिलं तर फट वाढते आणि ठिणगी जवळची दुसरी वाट धरते. तिसरं, तारेची लांबी आणि तिच्या टोकाचा आकार. जुनी कांडी काढून नव्या कांडीशेजारी आडवी ठेवली की मिनिटभरात निकाल लागतो. माप जुळत नसेल तर शेगडीच्या मॉडेलची मूळ कांडी शोधावी. धातूचं टोक वाकवून जुळवाजुळव करू नये, ताण थेट सिरॅमिकवर येतो.

बसवणं अवघड नाही. गॅस बंद, सेल बाहेर, शेगडी पूर्ण गार. सुटी शेगडी जाड चादरीवर उलटी करा. ओट्यात बसवलेली असेल तर टोप्या आणि वरचे स्क्रू काढून पत्रा उचला. काही बर्नरांपाशी दोन दांड्या असतात. सिरॅमिकवाली इग्नायटरची, दुसरी, नुसत्या धातूची, ज्योत विझल्यावर गॅस तोडणाऱ्या थर्मोकपलची. तिला हात लावू नका. तार काढताना पक्कड टोकाच्या जोडावर धरा, तार ओढू नका. एका वेळी एकच तार बदला, म्हणजे क्रम चुकत नाही.

मॉड्यूल सेलचे दीड व्होल्ट चढवून कपॅसिटरमध्ये साठवतं आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून दहा हजार व्होल्टच्या वर नेऊन सोडतं. म्हणून तार तुटली तर इन्सुलेशन टेपने जोडण्याचा मोह टाळा, एवढा दाब टेपमधून सहज बाहेर उडी मारतो. अनेक मॉड्यूलांत तोंडं जोडीने काम करतात: ठिणगी एका कांडीवरून शेगडीच्या अंगात जाते आणि जोडीच्या कांडीवरून परतते. एक तार निसटली की दुसराच बर्नर मंदावतो, तो याचमुळे. दोन किंवा तीन बर्नरच्या शेगडीत उरलेलं तोंड मोकळं सोडू नका, तारेने शेगडीच्या पत्र्याला जोडा.

संचातल्या उणिवा सांगायच्या तर क्लिपा मऊ आहेत, जुन्या चांगल्या असतील तर त्याच वापरा. जोडाची टोकं सैल बसतात, लावण्याआधी पक्कडीने किंचित आवळावी लागतात. तारेचं आवरण तपासून घ्या: सिलिकॉनचं रबरासारखं लवचीक लागतं, प्लॅस्टिकचं कडक असतं आणि बर्नरखालच्या उष्णतेने वितळतं. प्लॅस्टिकच्या तारा निघाल्या तर संच परत करावा. सिलिकॉनची तारसुद्धा बर्नरच्या नळीला टेकू देऊ नका. सेलची डबी मात्र भक्कम आहे आणि मॉड्यूलची ठिणगी ठसठशीत, जलद पडते.

झाकण्याआधी गॅस बंद ठेवूनच अंधारात पुन्हा ठिणगी बघा, मग गॅस सुरू करा. गॅसचा एखादा जोड हलला असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी कधीच लावू नका. ठिणगी चांगली असूनही बर्नर उशिरा आणि ‘भप्प’ करून पेटत असेल, तर कांडीसमोरची भोकं बुजलेली आहेत. ती सुईने मोकळी करा आणि टोपी पूर्ण वाळवूनच परत बसवा.