नवा पीसी चालूच होत नाही: दुकानात न्यायचा की घरीच खोक्यावर मांडून बघायचा?

पार्ट आले, जोडणी झाली, बटण दाबलं आणि पीसी गप्प. किंवा पंखे फिरतात, लाईट लागतात पण स्क्रीन काळीच. इथून पुढे दोनच रस्ते असतात, एक म्हणजे अख्खा कॅबिनेट उचलून दुकानात न्यायचा, आणि दुसरा म्हणजे मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर मांडायचा आणि घरीच शोधायचं. भाच्याच्या नव्या पीसीसाठी मी हे दोन्ही केलंय, आधी पहिलं आणि मग दुसरं, त्यामुळे जो आत्ता याच विचारात बसलाय त्याला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याचं, मागचं स्विच, प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची वायर, मॉनिटरची केबल बोर्डात आहे की ग्राफिक्स कार्डात, हे तुम्ही बघून झालंय असं धरतो. फक्त दोन गोष्टी सांगतो कारण त्यापायी लोक उगीच दुकानात जातात. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, आणि डीडीआर ५ या नव्या रॅमवाला बोर्ड असेल, खास करून एएमडी प्रोसेसरचा एएम ५ सॉकेटवाला, तर पहिल्यांदा चालू करताना तो रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. त्या वेळात घाबरून प्लग ओढायचा नाही, चांगली दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्यायचा, कितीतरी पीसी तेवढ्यावरच चालू होतात.

आता दुकान. दुकानाची जमेची बाजू खरोखर मोठी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. त्यांच्याकडे चालू असलेला दुसरा एसएमपीएस असतो, दुसरी रॅम असते, जुनं का होईना ग्राफिक्स कार्ड असतं. आपल्याकडे घरी काय असतं, तर फक्त तेच नवे पार्ट ज्यातल्या एकावर संशय आहे. आम्ही पारोळ्याकडचे, धुळंही त्याच हायवेवर आणि जळगावही, त्यामुळे गाडीत टाकला की न्यायला अडचण नाही. ज्यानं कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही त्याला मी दुकानच सांगेन, त्यात कमीपणा काहीच नाही.

पण मला ज्या एका गोष्टीनं वैताग आणला ती आता सांगतो, आणि खरं तर माझा निर्णय तिनंच केला. पीसी दुकानात चालू व्हायचा आणि घरी आला की बंद. बटण दाबलं की पंखे जरासे हलायचे आणि थांबायचे, बस्स. दुकानात नेला, त्यांनी टेबलावर आडवा टाकला, रॅम काढली, पुसली, परत बसवली, बटण दाबलं आणि झाला चालू. "चालू व्हई गया भो, लई जा." आपल्यालाही बरं वाटतं, पैसे देऊन घरी येतो, पोरगा वाटच बघत असतो, टेबलावर उभा करतो, वायरी लावतो आणि परत तेच, पंखे हलले आणि थांबले. परत नेला तर तिथे परत चालू. दुकानदाराचं म्हणणं, तुमच्या घरच्या लाईटचा प्रॉब्लेम असेल, आणि त्याचंही बरोबर वाटतं कारण त्याच्या समोर तर पीसी चालूच आहे ना.

यात पैशाचं मला तेवढं नाही वाटलं, पण नक्की बिघडलंय काय हे कोणीच सांगत नव्हतं. रॅम खराब आहे म्हणावं तर ती चालतेय, बोर्ड म्हणावं तर तोही चालतोय. ऑनलाइन घेतलेल्या पार्टला बदलून घ्यायची मुदत थोड्या दिवसांचीच असते, ती एकीकडे संपत चाललेली आणि आपल्या हातात एकाही पार्टचं नाव नाही. बदलून मागायचं तर काय मागायचं? भाचा रोज विचारायचा, मामा आता काय, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

मग खोक्याचा मार्ग धरला. पद्धत साधी आहे. बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढायचा आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला त्या खोक्यावर ठेवायचा. तो ज्या चकचकीत पिशवीत येतो त्या पिशवीवर ठेवून चालू करायचा नाही, त्या पिशव्या बाहेरून वीज वाहून नेऊ शकतात. बोर्डावर प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवायची, एसएमपीएसची चोवीस पिनची आणि प्रोसेसरची अशा दोनच वायरी लावायच्या. प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल, म्हणजे इंटेलचा नावात शेवटी एफ असलेला किंवा एएमडीच्या रायझन ५६०० सारखा, तरच ग्राफिक्स कार्ड लावायचं. हार्डडिस्क नको, यूएसबी नको, पुढच्या बटणाच्या बारीक वायरीही नकोत. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना बघून घ्यायच्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्या दोघींना क्षणभर एकत्र टेकवायचं, ते बटण दाबल्यासारखंच असतं.

आम्ही तेच केलं आणि खोक्यावर पीसी पहिल्याच वेळी चालू झाला. बंद केला, चालू केला, रॅमची दुसरी पट्टी लावली, मग कार्ड लावलं, दर वेळी चालू. म्हणजे सगळे पार्ट चांगले आणि भानगड कॅबिनेटमध्ये, एवढं तरी पक्कं झालं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी पक्कं कळलं होतं.

मग रिकाम्या कॅबिनेटमध्ये मोबाईलची बॅटरी मारून बघितलं. बोर्ड फुल एटीएक्स म्हणजे मोठ्या साईजचा, आणि कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर टेकवून स्क्रू लावतात ते छोटे खुंट, कंपनीनंच आधीपासून बसवून दिलेले, त्यातला एक खालच्या बाजूचा स्टँडऑफ मायक्रो एटीएक्सच्या, म्हणजे लहान बोर्डाच्या, जागेवरचा होता, म्हणजे आमच्या बोर्डाला त्या जागी भोकच नाही. बोर्ड उलटा करून बघितला तर बरोबर त्याच ठिकाणी सोल्डरच्या टोकांवर घासल्याचा बारीकसा चकाकता ठिपका. पितळ तिथे मागून टेकत होतं, शॉर्ट होत होतं आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडत होता. दुकानात का चालायचा, तर माझा अंदाज असा की तिथे कॅबिनेट आडवा असायचा, त्यात ग्राफिक्स कार्डाचं वजन सरळ खाली जातं. घरी उभा केला की कार्ड लोंबायचं, बोर्डाला पीळ पडायचा आणि तो भाग मागे दाबला जायचा. तो एक स्टँडऑफ पकडीनं फिरवून काढला आणि बोर्ड परत बसवला, तेव्हापासून पीसीला काही त्रास नाही.

आता कोणी म्हणेल की दुकानदारानं बोर्ड बाहेर काढला असता तर त्यालाही सापडलं असतं. बरोबर आहे, सापडलं असतं. पण दुकानात समोर गिऱ्हाईक उभे असतात, प्रिंटरवाले, लॅपटॉपवाले, आणि चालू झालेला पीसी उघडून बसायला त्याला वेळ नसतो, हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. घरी मात्र वेळ आपला असतो, आणि एकेक पार्ट लावत गेलं की ज्या पार्टला गाडी थांबली तो पार्ट समोर येतो. मला तरी हा फरक मोठा वाटला.

कॅबिनेटमध्येच ठेवून एकेक पार्ट काढून बघणं असा मधला मार्गही आहे. सोपा आहे, आधी तो करायला हरकत नाही, पण आमच्यासारखा प्रॉब्लेम त्यात सापडत नाही कारण बोर्ड जागेवरून हलतच नाही.

घरी करायचं म्हटलं की दोन भीती असतात. एक म्हणजे स्टॅटिकची, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ती भीती अगदीच खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे एसएमपीएस थ्री पिन प्लगला लावलेला ठेवायचा, मागचं स्विच बंद, आणि बोर्डाला हात लावायच्या आधी त्याच्या पत्र्याला हात लावायचा. भिंतीवरचं बटण बंद असलं तरी अर्थिंगची पिन तुटत नाही, त्यामुळे अंगातला स्टॅटिक तिकडे जातो. अर्थात घराला अर्थिंग असेल तर. चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे असं समजा, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की चांगली अर्थिंगही कमजोर पडते, खड्ड्यात पाणी टाकावं लागतं. पीसी चालू न होण्याचं कारण हे सहसा नसतं, पण झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, पीसीचं नंतर बघा. लाईटवरून आठवलं, एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट किती लिहिलंय ते वाचून ठेवा. चांगल्यावर १००-२४० व्होल्ट असतं, स्वस्तातल्यावर बऱ्याचदा २००-२४० असतं, आणि ज्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे असा एसएमपीएस सकाळी चालतो आणि संध्याकाळी अडून बसतो. दुकानातल्या लाईटवर हे कधीच दिसणार नाही, घरीच दिसेल.

दुसरी भीती एसएमपीएस तपासायची. त्याच्या चोवीस पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर यू पिननं जोडली की तो बोर्डाशिवाय चालू होतो, मल्टीमीटर असेल तर पिवळ्यावर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा यायला पाहिजे. काही नव्या एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, म्हणून नुसता पंखा बघून त्याला मेलेला ठरवू नका. सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिनांचा नकाशा बघितल्याशिवाय हात घालू नका, आणि एसएमपीएसचं झाकण तर कधीच उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार बारीक एलईडी असतील तर घरचं काम अर्धं झालं म्हणा. जो लागून राहतो तिथे गाडी अडलीय. आमच्या बोर्डावर ते होते, पण शॉर्टमुळे पीसी तिथवर पोचायचाच नाही. नसतील तर बोर्डावर लावायचा छोटा बीप स्पीकर मिळतो, त्याच्या बीपवरून कुठे अडलंय ते कळतं, किंमत फार नाही, जळगावच्या गोलाणी मार्केटात विचारून बघा किंवा ऑनलाइन मागवा.

आता जिथे मी स्वतः आजही दुकानात जाईन त्या जागा. सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर घरी सुई घेऊन बसायचं नाही, एक पिन सरळ करताना शेजारच्या जातात, आणि पिन वाकलेल्या बोर्डाला कंपनी सहसा वॉरंटी देत नाही. दुसरं, बायोसचं, म्हणजे बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचं, प्रकरण. रायझन ९००० सिरीजचे प्रोसेसर २०२४ मध्ये आले आणि त्यांना चालणारे बी ६५० बोर्ड २०२२ पासून बाजारात आहेत, म्हणजे दुकानात पडून राहिलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखणारच नाही आणि पंखे फिरून स्क्रीन काळी राहील. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही नुसत्या एसएमपीएसवर पेन ड्राइव्हनं अपडेट होतं, पेन ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि खूण केलेल्या पोर्टातच लावायचा. ते बटण नसेल तर ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे त्याच्याकडे जावंच लागतं. आणि तिसरं म्हणजे खोक्यावरही काहीच झालं नाही, एलईडीही नाही, एसएमपीएस मात्र ठीक निघाला, तर मग बोर्ड की प्रोसेसर हे दुसरे पार्ट असल्याशिवाय कळत नाही.

तर ज्याच्या हातात एक सुट्टीचा दिवस आहे आणि स्क्रू काढायची भीती नाही त्यानं आधी खोक्यावर मांडून बघावं असं मला वाटतं, प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. वेळच नसेल, किंवा पीसी उद्याच्या कामाला पाहिजे असेल, तर दुकानात जा, फक्त भरलेला कॅबिनेट नेऊ नका. बोर्ड प्रोसेसर आणि रॅमसकट त्याच्या खोक्यात, आणि एसएमपीएस वेगळा, एवढंच न्या, आणि समोर उभं राहून त्यांच्या एसएमपीएसवर आपला बोर्ड, मग आपल्या एसएमपीएसवर आपला बोर्ड, असं लावून दाखवायला सांगा. तिथे सगळं चाललं तर कॅबिनेट घरी तपासायचा आहे हे समजा, आणि एखादा पार्ट खराब निघाला तर त्याचं नाव आणि सिरीयल नंबर बिलाच्या मागे लिहून घ्या, बदलून मागताना तोच विचारतात.