बी.एस.डब्ल्यू. पदवी : कागदावरच्या अटी आणि क्षेत्रकार्याची कसोटी

बारावीचा निकाल लागला की समाजकार्याच्या पदवीबद्दल (बी.एस.डब्ल्यू., म्हणजे बॅचलर ऑफ सोशल वर्क) चौकशी करणाऱ्या पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. प्रवेशाला टक्के किती लागतात, फी किती, पुढे नोकरी मिळते का, हे सगळे विचारले जाते. क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष जाऊन करायचे काम, कसे घेतले जाते हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मी वस्तीपातळीवर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते आणि निरनिराळ्या महाविद्यालयांतून आमच्याकडे क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाची संस्थेच्या बाजूची जबाबदारी माझ्याकडे असते. एकाच विद्यापीठाची, एकाच अभ्यासक्रमाची मुले दोन महाविद्यालयांतून येतात आणि त्यांच्या तयारीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून या पदवीचे परीक्षण करताना मी तिच्या अटी सांगणार आहे, पण त्यातली कोणती अट पदवीला वजन देते हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

प्रवेशाची अट सोपी आहे. कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पात्र ठरतो. काही ठिकाणी गुणांची किमान मर्यादा असते, काही महाविद्यालये मुलाखत घेतात. मुलाखत घेणारे महाविद्यालय मला अधिक भरवशाचे वाटते, कारण वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात जाऊन अनोळखी माणसांशी बोलण्याची मनाची तयारी आहे का, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

त्यानंतर श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा, हिशोब येतो आणि तो नीट समजून घेतलाच पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जी रचना ठरवली, तिच्यानुसार ३ वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि ४ वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात, म्हणजे एका सत्राला २० ते २२ श्रेयांक होतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी ४ श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. ज्याला घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागते त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. परंतु केवळ एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर समाजकार्याच्या क्षेत्रात उभे राहता येईल असे समजून कोणी प्रवेश घेऊ नये, कारण संस्थांच्या आणि शासकीय योजनांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा निदान पदवी मागितली जाते.

या रचनेत मुख्य विषयाखेरीज गौण (मायनर) विषय, खुले वैकल्पिक विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य अभ्यासक्रम अशा अनेक गटांतून श्रेयांक मिळवावे लागतात. विद्यार्थ्याला इतर विषयांची ओळख व्हावी हा हेतू योग्यच आहे. प्रश्न असा की २२ श्रेयांकांच्या मर्यादेत हे सगळे बसवताना क्षेत्रकार्याच्या वाट्याला काय उरते. तासिकांच्या १ श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या १ श्रेयांकाला ३० तास धरले जातात. आठवड्याचे २ दिवस, दिवसाला ७ तास आणि सत्राचे १५ आठवडे असा जुना शिरस्ता पाळला, तर एका सत्रात २१० तासांचे क्षेत्रकार्य होते आणि त्याचे ७ श्रेयांक भरतात. एखाद्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला ४ च श्रेयांक ठेवले असतील, तर कागदावर १२० तासच मोजले जाणार. प्रवेशापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि प्रत्येक सत्रात क्षेत्रकार्यापुढे कोणता आकडा लिहिला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असा माझा आग्रह आहे. हा आकडा माहितीपत्रकातल्या इमारतीच्या छायाचित्रांपेक्षा खूप काही सांगतो.

क्षेत्रकार्याला एवढे महत्त्व देणारी परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, ज्याचे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था असे नाव झाले. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याआधी नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस हे वस्तीसेवा केंद्र चालवत होते. म्हणजे आपल्याकडच्या समाजकार्य शिक्षणाचा उगमच वस्तीतल्या कामाशी जोडलेला आहे. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ मध्ये आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली, आणि पुढे राज्याच्या इतर भागांतही समाजकार्य महाविद्यालये निघाली. या महाविद्यालयांपैकी अनुदानित महाविद्यालयांचा कारभार उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाकडे आहे, हेही प्रवेश घेणाऱ्याला माहीत असलेले बरे; शिष्यवृत्तीपासून प्राध्यापकांच्या रिक्त जागांपर्यंतच्या तक्रारी कोणाच्या दारात न्यायच्या, हे त्यामुळे कळते.

आता मूळ मुद्दा. पहिल्या सत्रात सहसा संस्थाभेटी असतात: बालगृह, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, पंचायत समिती. त्यानंतर विद्यार्थ्याची एका संस्थेत किंवा वस्तीत नेमणूक होते आणि वर्गात शिकलेल्या व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या पद्धती तिथे वापरून पाहायच्या असतात. दर आठवड्याला केलेल्या कामाचा लेखी अहवाल, ज्याला सगळे ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात, महाविद्यालयातील मार्गदर्शकाकडे द्यायचा. मार्गदर्शकाने तो वाचून त्यावर शेरे मारायचे आणि विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर चर्चा करायची, ही ‘आय.सी.’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स); शिवाय गटाची ‘जी.सी.’ (ग्रुप कॉन्फरन्स) वेगळी. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. अनेक विद्यापीठांत क्षेत्रकार्यात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, तिथे लेखी परीक्षेत कितीही गुण मिळाले तरी त्यावाचून पुढे जाता येत नाही. ही अट कडक आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे.

रेकॉर्डिंगने माणूस कसा घडतो याचा एक नमुना सांगते. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने एका विधवा बाईंच्या घरी भेट दिल्यावर पहिल्या अहवालात लिहिले होते की घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून त्यांना मदतीची गरज आहे. तिच्या मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढून समासात एवढेच लिहिले होते : ‘काय पाहिलेस? काय ऐकलेस?’ पुढच्या आठवड्याच्या अहवालात तिने लिहिले की रेशनकार्डावर अजून नवऱ्याचेच नाव आहे, मृत्यूचा दाखला काढलेला नाही, बाई दोन घरची धुणीभांडी करतात, आणि सासऱ्यांच्या भीतीमुळे त्या कागदपत्रांचा विषय घरात काढत नाहीत. या दुसऱ्या अहवालातून कामाची दिशा आपोआप स्पष्ट झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो, तहसील कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. पण त्याआधी सासऱ्यांशी कोण आणि कसे बोलणार हे ठरवावे लागते. हे शहाणपण कोणत्याही पाठ्यपुस्तकातून त्या मुलीला एका आठवड्यात आले नसते. समासातल्या त्या चार शब्दांसाठी मार्गदर्शक बाईंनी तिचा अहवाल ओळीन् ओळ वाचला होता, आणि पदवीचे मोल मला तिथे दिसते.

याच्या उलट चित्रही मी पाहिले आहे. एका महाविद्यालयाची मुले हजेरीपत्रक घेऊन आमच्या दारात येत, सही झाली की तासाभरात निघण्याची परवानगी मागत, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी संपूर्ण वर्षात संस्थेला भेट दिली नाही की फोनही केला नाही. अहवाल मागितले तेव्हा तीन मुलांच्या वहीत एकच मजकूर निघाला. यात मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. जो अहवाल कोणी वाचतच नाही तो मन लावून लिहायला अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला कोण शिकवणार? वाईट याचे वाटते की त्या मुलांच्या गुणपत्रिकेवरही क्षेत्रकार्याचे भरघोस गुण छापले जातात.

असे होऊ शकते याचे एक कारण म्हणजे आपल्या देशात समाजकार्याच्या व्यवसायासाठी वकिलांच्या किंवा परिचारिकांच्या परिषदेसारखी कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय परिषद नाही. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी परिषद पदवीसाठी किमान ४०० तासांचे क्षेत्रकार्य सक्तीचे करते. आपल्याकडे दोन दिवसांचा शिरस्ता मनापासून पाळणारे महाविद्यालय तीन वर्षांत या आकड्याच्या खूप पुढे जाते, ही अभिमानाची बाब आहे. परंतु न पाळणाऱ्याला जाब विचारणारी व्यवस्था तोकडी असल्यामुळे चौकशीचे ओझे प्रवेश घेणाऱ्यावरच येऊन पडते.

ग्रामीण शिबिराबद्दलही थोडे सांगायला हवे. साधारण आठवडाभराचे हे निवासी शिबिर अनेक अभ्यासक्रमांत आवश्यक असते. श्रमदान आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांवरच ते संपले तर फारसे हाती लागत नाही. चांगल्या शिबिरात मुले गावकऱ्यांना सोबत घेऊन चावडीपुढच्या जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, आणि पुरुषांनी काढलेल्या नकाशात न आलेली पाणंद, बंद पडलेला हातपंप, पाण्यासाठी ओलांडावा लागणारा ओढा या गोष्टी बायका येऊन दाखवतात, तेव्हा आराखडा कोणी करायचा असतो हे मुलांच्या ध्यानात येते.

पदवीनंतरच्या नोकरीबाबत स्पष्ट बोललेले चांगले. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्त्याचे पद असते आणि त्यासाठी समाजकार्याच्या पदवीधराला प्राधान्य मिळते. स्वयंसेवी संस्थांत समुदाय संघटक, प्रकल्प सहायक अशी कामे मिळतात. ही पदे बहुधा कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांसाठी पदव्युत्तर शिक्षण हवे. मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता, व्हायचे असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यापुढे एम.फिल. अशी लांबची वाट आहे. एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, त्यामुळे ‘मग आधी बी.एस.डब्ल्यू. कशाला?’ असे विचारणारे भेटतात. माझ्या अनुभवात, नीट चाललेल्या बी.एस.डब्ल्यू.तून आलेला विद्यार्थी एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्याच महिन्यात वस्तीत एकटा जाऊन काम सुरू करू शकतो, आणि इतरांना त्या टप्प्यावर यायला वर्ष जाते. वाईट चाललेल्या बी.एस.डब्ल्यू.बाबत मात्र तो प्रश्न रास्त आहे.

ज्यांना नियमित महाविद्यालय शक्य नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बी.एस.डब्ल्यू. पदवी आहे. ती किमान ३ आणि कमाल ६ वर्षांत पूर्ण करता येते आणि तिच्यातही क्षेत्रकार्य सक्तीचे आहे. अंगणवाडीत किंवा बचत गटांत आधीपासून काम करणाऱ्या बायकांना मी ती आवर्जून सुचवते. बारावी करून थेट येणाऱ्या मुलामुलींना मात्र रोजच्या रोज टोकणारा मार्गदर्शक जवळ असलेला बरा.

खर्चाच्या बाजूने पाहता अनुदानित महाविद्यालयाची फी बऱ्याच कुटुंबांच्या आवाक्यात असते आणि पात्र विद्यार्थ्यांना महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. ज्या खर्चाबद्दल कोणी आधी सांगत नाही तो म्हणजे आठवड्यातून दोनदा नेमणुकीच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा आणि शिबिराचा. बसभाड्यावाचून क्षेत्रकार्याचे दिवस बुडवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून नेमणूक देताना विद्यार्थ्याच्या घराचे अंतर पाहिले जाते का आणि प्रवासासाठी काही मदत मिळते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे. त्याच वेळी एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात आणि आय.सी. कोणत्या वारी होते हेही विचारावे, आणि शक्य झाल्यास तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याची रेकॉर्डिंगची वही, माणसांची नावे झाकून, पाहायला मागावी. समासात शेरे आहेत की प्रत्येक पानाखाली फक्त सही आहे, हे दोन मिनिटांत कळते.