वाचनालयातला मोफत इंग्रजी संभाषण वर्ग

नाशिकला मी २२ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी मुलाकडे न्यू जर्सीला आल्यावर दुकानदाराचं बोलणं कळेना. म्हणून इथल्या वाचनालयाच्या मंगळवारच्या वर्गाला जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "जीत?" म्हणजे 'डिड यू ईट?' मग त्यांनी शब्द एकमेकांत कसे विरघळतात ते सावकाश म्हणून दाखवलं. 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं, पण पुढे क्रियापद असेल तरच. 'आय अ‍ॅम गॉना कुक' चालतं, 'गॉना द मार्केट' नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. 'लेट मी'चं 'लेमी', 'डोन्ट नो'चं 'डनो' झालं, तेव्हा आपलं 'करतो आहेस'चं 'करतोयस' आठवलं आणि भीतीच गेली. बाई म्हणतात, आधी ऐकायला शिका, बोलण्याची घाई नको. अर्जात आणि पत्रात तर पूर्णच लिहा. अगदी पटलं.

उणीव एकच: तास एक, माणसं पंधरा. बोलायची पाळी जेमतेम दोनदा येते, आणि सरावाला छापील कागदही मिळत नाही. मी वही नेते.

परवा शेजारीण म्हणाली, "व्हाचा डुइंग?" म्हणजे 'व्हॉट आर यू डुइंग?' मी लगेच उत्तर दिलं.