लिंक्डइन: जाहिरातींपेक्षा ओळखींसाठी वापरा

बहुतेक जण लिंक्डइन उघडतात ते नोकरीच्या जाहिराती चाळायला आणि ‘ईझी अप्लाय’ दाबायला. त्या कामासाठी पाचपैकी दोन तारे. अर्ज करणं जितकं सोपं, तितका अर्जांचा ढीग मोठा आणि आपला अर्ज कोणी नीट वाचण्याची शक्यता कमी. पण कोण कोणाला ओळखतं हे इथे उघड दिसतं, आणि त्यासाठी साडेचार तारे द्यायलाच हवेत.

नोकरीत कोणत्या ओळखी कामाला येतात, याचा अभ्यास जुना आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांचा दुवा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं. जिवलग मित्राला साधारण आपल्याला माहीत तेवढंच माहीत असतं. लांबच्या ओळखीच्या माणसाकडे वेगळ्या वर्तुळातली बातमी असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातून एक बारकावा पुढे आला: सर्वात उपयोगी ठरतात त्या मध्यम लांबीच्या ओळखी, म्हणजे साधारण दहाएक सामाईक ओळखी असलेली माणसं. अगदी घट्ट नाती त्यांच्यापेक्षा कमी कामाची ठरली, आणि नावापुरत्या ओळखीही.

म्हणून कनेक्शनचा आकडा फुगवण्यात अर्थ नाही. मर्यादा ३०,००० ची असली तरी ज्यांच्यासोबत काम केलंय, शिकलोय किंवा निदान नीट बोललोय, अशीच माणसं ठेवावीत. मग हव्या त्या कंपनीचं नाव टाकून ‘पीपल’मध्ये शोधायचं आणि ‘सेकंड’ची, म्हणजे ओळखीच्यांच्या ओळखीची माणसं दाखवणारी चाळणी लावायची. मधला माणूस कोण, ते नावासकट दिसतं. मोफत खात्यात असा शोध फार केला तर महिन्याची मर्यादा लागते आणि ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुटते, त्यामुळे आधी कंपन्यांची छोटी यादी करून बसावं.

त्या मधल्या माणसाला थेट ‘माझं नाव सुचव’ म्हणू नये. रेफरल देणारा, म्हणजे आपल्या कंपनीत कोणाचं नाव सुचवणारा, आपली पत पणाला लावत असतो. पहिल्या निरोपात टीमबद्दल दोन नेमके प्रश्न विचारावेत. बोलणं जमलं की जागेचा क्रमांक, रेझ्युमे आणि ‘मी या कामाला का योग्य’ हे सांगणाऱ्या तीन ओळी पाठवाव्यात. त्या ओळी त्याला जशाच्या तशा पुढे ढकलता आल्या पाहिजेत. नाही तर चांगल्या मनाचा माणूसही ‘नंतर लिहितो’ म्हणतो आणि ते राहून जातं.

इथे नेहमी होणारी चूक क्रमाची असते. आधी स्वतः अर्ज भरायचा आणि मग रेफरल मागायचं. बऱ्याच कंपन्यांच्या भरती-प्रणालीत थेट आलेल्या उमेदवाराला नंतर रेफरल जोडता येत नाही, म्हणून आधी विचारावं, मग अर्ज करावा. दुसरी चूक म्हणजे घाईने कनेक्शनची विनंती पाठवून ती मागे घेणं. त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. आणि ‘ओपन टू वर्क’ ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटर्सना, म्हणजे भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली, तरी सध्याच्या कंपनीला कळणारच नाही याची हमी लिंक्डइन देत नाही.

पैसे भरून मिळणारं प्रीमियम खातं घ्यावं का? रेफरलसाठी गरज नाही. त्यातल्या इनमेल या निरोपाच्या सोयीमुळे अनोळखी माणसाला लिहिता येतं, पण ओळखीच्या दुव्यावरून गेलेल्या साध्या निरोपाची सर त्याला येत नाही.

हे साधन सर्वात तोकडं पडतं ते नोकरी लागल्यावर. बढतीचा निर्णय होतो त्या बैठकीत आपलं नाव घेणारा कोणी तरी लागतो. सल्ला देणारे बरेच भेटतात. आपल्यासाठी शब्द टाकणारा वरिष्ठ वेगळा, आणि तो प्रोफाइलवरून मिळत नाही. आपल्या विभागाबाहेरच्या वरिष्ठासोबत एखादं छोटं, मुदतीचं काम चोख पूर्ण करणं हाच त्याचा भरवशाचा मार्ग. लिंक्डइनवरच्या शिफारशी त्या बैठकीत कोणी उघडून वाचत नाही.

भरती करणाऱ्यांनीही एक धोका ओळखावा. माणसं आपल्यासारख्यांनाच ओळखतात, त्यामुळे फक्त रेफरलवर भरलेली टीम हळूहळू एकाच कॉलेजची, एकाच जुन्या कंपनीची होते आणि ज्यांच्या ओळखीच नाहीत ते दारातच अडतात. रेफरलने मुलाखतीपर्यंत पोहोचू द्यावं, पण पुढे सर्वांना तेच प्रश्न, गुण आधी ठरवलेल्या निकषांवर, आणि नाव सुचवणारा मुलाखतीच्या पॅनेलवर नको.