चालू सर्व्हरला डिस्क जोडणं-काढणं : नऊ महिने वापरून

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दोन फाउंड्र्यांची ड्रॉइंगं आणि बिलं सांभाळायचं काम माझ्याकडं आहे. ऑफिसातला जुना सर्व्हर पावसाळ्यात लाईटच्या खेळखंडोब्यानं गेला, म्हणून डेबियन १२ हे लिनक्स टाकून भाड्याचा क्लाउड सर्व्हर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, निम्मं भांडण माझं माझ्याशीच आहे.

डिस्क जोडायची सोय मात्र नऊ महिन्यांत एकदाही चुकली नाही. पॅनेलवर बटण दाबायचं, डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारायची, नवी डिस्क हजर. ५० जीबीची ८० केली, फाइलसिस्टम नव्या आकाराला ताणणारं रिसाइझ-टू-एफएस चालवलं, तेव्हा फाउंड्रीतला पोरगा त्याच फोल्डरात फाइली टाकत बसला होता. त्याला पत्ताही नाही. वाढवलेली डिस्क कमी करून मिळत नाही, म्हणून आता दहा-दहा जीबीनंच वाढवतो.

राग आहे तो बिलाचा. जुन्या ड्रॉइंगांसाठी घेतलेली १०० जीबीची दुसरी डिस्क काम संपल्यावर रीतसर अनमाउंट करून (सिस्टमपासून सोडवून) काढली. मीटर थांबला असं समजून निवांत होतो. तीन महिन्यांनी बिल बारकाईनं बघितलं तर तिचं भाडं चालूच, वर १८ टक्के जीएसटी! सपोर्टवाला इंग्रजीत थंडपणे म्हणतो, तुम्ही डिटॅच केली (म्हणजे नुसती सुटी केली), डिलीट नाही केली. अहो, भाड्याची सायकल दुकानात परत लावल्यावर कोण भाडं घेतं? नंतर शांत डोक्यानं विचार केला तर ही सायकल नव्हे, गोदाम आहे. माझं सामान आतच होतं. पण मग त्या बटणाखाली एक ओळ लिहायला काय जातंय?

त्या तिरमिरीत डिस्क डिलीट केली आणि तिथंच फसलो. तीन आठवड्यांनी कर्नल (सिस्टमचा गाभा) अपडेट करून रीबूट मारलं, सर्व्हर वर येईना. एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची वाट, बंद. कंपनीला पाच मेल टाकले, शेवटचा जरा जास्तच कडक. मग पॅनेलचा कन्सोल उघडला. सर्व्हर सुरू करून देणारा सिस्टमडी ९० सेकंद त्या गेलेल्या डिस्कची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये बसलेला, आणि रूट (मुख्य ॲडमिन) अकाउंट लॉक असल्यानं तिथूनही आत जाता येईना. सुरू होताना कुठल्या डिस्का लावायच्या ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलीत त्या डिस्कची ओळ तशीच राहिली होती, तीही 'नोफेल'शिवाय (डिस्क नसली तरी पुढं जा, असं सांगणारा शब्द). माझीच करणी. पाचवा मेल परत घेता आला असता तर बरं झालं असतं.

सोडवलं कसं? सर्व्हर बंद केला, त्याची बूट डिस्क काढली, तासाच्या भाड्याच्या एका छोट्या मशीनला ते चालू असतानाच जोडली, ती ओळ खोडली आणि डिस्क जागेवर लावली. चाळीस मिनिटं लागली. ज्या सोयीला शिव्या घालत होतो तिनंच बाहेर काढलं बघा.

आता एफएसटॅबमध्ये फक्त यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टमचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहितो, कारण डिस्कांना मिळणारी व्हीडीबी-व्हीडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. डेटाच्या डिस्कला 'नोफेल' लावतोच. अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' आलं तर कोण फाइली उघडून बसलंय ते दाखवणारं एलएसओएफ बघतो. बहुतेकदा दुसऱ्या टर्मिनलमध्ये मीच त्या फोल्डरात बसलेलो असतो.

तीन महिन्यांचं भाडं परत मिळालं नाही. पण जागा थोडी वाचवली: डिस्कवरची ईएक्सटी४ फाइलसिस्टम रूटसाठी ५ टक्के जागा अडवून ठेवते. नुसत्या डेटाच्या डिस्कला एवढी कशाला? ट्यून-टू-एफएस कमांडनं ती १ टक्क्यावर आणली, ८० जीबीत तीनेक जीबी सुटले. पुढची वाढ तेवढीच लांबली.