वॉरथॉग घ्यायचा की ग्लॅडिएटर? एका टेबलावर शेजारी ठेवून पाहिलं

भाच्याचा अमळनेरहून फोन आला तेव्हा ऑर्डर जवळजवळ टाकून झालीच होती. कार्टमध्ये थ्रस्टमास्टर कंपनीचा वॉरथॉग, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायची जॉयस्टिक, हातात दाजींचं कार्ड. "मामा, तुम्ही फक्त हो म्हणा, म्हणजे बाबा ओटीपी देतील." मागून ताईचा आवाज आला, "इतला पैसा कसाले घालस रे?" दाजींना तर 'वॉरथॉग' म्हणजे रानडुक्कर हे कुणीतरी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "रानडुकरं आपल्या मक्यात फुकट येतात. याला विकत कशाला पाहिजे?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रविवारी जळगावला ये म्हटलं. माझ्याकडे व्हीकेबी कंपनीचा ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्हो (हीसुद्धा जॉयस्टिकच) आहे आणि भुसावळच्या मित्राकडे वॉरथॉगचा पूर्ण जोड आहे. तो आपला जोड केळीच्या खोक्यात घालून, वर चादर गुंडाळून पॅसेंजरने घेऊन आला. खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल जरा हललं. स्टिक आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दांडे) मिळून साडेसहा किलोच्या पुढे भरतात, म्हणून वजनाचा मुद्दा आधीच नोंदवून ठेवतो. तो पुढे परत येणार आहे.

दोन्ही वस्तू काय आहेत ते थोडक्यात सांगतो. वॉरथॉग २०१० मध्ये आला. अमेरिकेच्या ए-१०सी या जमिनीवर मारा करणाऱ्या विमानाची स्टिक आणि जोडीचे थ्रॉटल यांची ही हुबेहूब नक्कल आहे. ए-१० ला वैमानिक प्रेमाने 'वॉरथॉग' म्हणतात, म्हणून हे नाव. मूठ धातूची, थ्रॉटल धातूचा, खालच्या पॅनलवर खरे टॉगल स्विच. ग्लॅडिएटर प्लास्टिकचा आहे आणि दिसायला त्याच्यासमोर गरीबच. परदेशातल्या किमती पाहिल्या तर वॉरथॉगचा जोड पाचशे डॉलरच्या घरात आणि ग्लॅडिएटरची एकटी स्टिक दीडशेच्या आसपास. आपल्याकडे येईपर्यंत सीमाशुल्क, जीएसटी आणि विकणाऱ्याचा नफा चढतो. मग वॉरथॉगची रक्कम पाच आकडी होते, आणि त्यातला पहिला आकडाही लहान नसतो.

भाच्याने आधी धातूच्या मुठीला हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. त्यात त्याची चूक नाही. ती मूठ थंड, जड असते, ट्रिगरला दोन टप्पे आहेत आणि दुसऱ्या टप्प्याला बोटाला स्पष्ट खटका लागतो. थ्रॉटलचे स्विच वर-खाली करताना जुन्या रेडिओची कळ फिरवल्यासारखं समाधान मिळतं. पाचेक मिनिटं तो नुसता टक-टक करत बसला, कॉम्प्युटर अजून बंदच होता. दुकानात माणूस इथेच फसतो, कारण हाताला जे जाणवतं ते बाहेरचं असतं आणि विमान उडतं ते आतल्या भागांवर.

आतल्या भागांचा धडा मी पैसे मोजून शिकलो. माझी पहिली जॉयस्टिक स्वस्तातली होती, कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्यात पोटेन्शिओमीटर होते. कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत फिरतं आणि त्यावरून स्टिक कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं. आमच्या गल्लीत उन्हाळाभर धूळ उडते, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि खिडकी उघडी ठेवल्याशिवाय गत नसते. सव्वा वर्षात ती स्टिक आपोआप डावीकडे झुकू लागली. मी हात काढून बसलोय आणि विमान मेहरूणच्या तलावाकडे वळतंय! उघडून पाहिली तर पट्टीवर काळी भुकटी. स्प्रे मारून साफ केली की दोन महिने चालायची, मग पुन्हा तेच.

वॉरथॉग आणि ग्लॅडिएटर दोघांतही ही भानगड नाही. दोघांच्या मुख्य अक्षांवर चुंबकीय सेन्सर आहेत. चुंबक फिरतो, समोरची चिप त्याचं क्षेत्र मोजते, एकमेकांना काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही. थ्रस्टमास्टरचीच स्वस्त टी-१६०००एम घेतली तरी आडव्या-उभ्या अक्षांना हेच तंत्र मिळतं, पण तिचा पिळाचा अक्ष, म्हणजे मूठ गोल पिळून वापरायचा, तो मात्र पोटेन्शिओमीटरवर आहे. स्टिकची जागा किती बारीक मोजली जाते ते सांगायला जाहिरातीत सोळा बिट, चौदा बिट असे आकडे असतात. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, चौदा बिट म्हणजे १६,३८४. स्टिक इकडून तिकडे चाळीस अंश फिरते असं धरलं तर चौदा बिटांतसुद्धा एक पायरी अंशाच्या चारशेव्या भागाएवढी पडते. एवढं बारीक कुणाच्या मनगटाला कळत असेल तर त्याने घड्याळं दुरुस्त करावीत. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

फरक आहे तो स्प्रिंग आणि बिजागरीत. वॉरथॉगची मधली स्प्रिंग दणकट आहे. स्टिक मधोमध असताना तिला हलवायला थोडा जोर लावावा लागतो आणि मग ती एकदम सुटते. टेबलावर आखूड मूठ असल्यामुळे हे जास्तच जाणवतं. म्हणून जे मुरलेले आहेत ते तिला खाली लांब दांडा जोडून दोन पायांच्या मध्ये बसवतात. तसं केलं की लांबी वाढते, जोर कमी लागतो आणि हात खरोखर स्थिर होतो. ग्लॅडिएटरमध्ये प्रत्येक अक्षाचा विरोध वेगळा जुळवता येतो, खोक्यात वेगळ्या ताकदीच्या जादा स्प्रिंगा असतात आणि एक स्क्रू फिरवून घर्षण कमी-जास्त करता येतं. मला पुढे-मागे मऊ आणि आडवं थोडं कडक लागतं, ते बसवायला स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्धा तास गेला. त्याचं सॉफ्टवेअर मात्र भयंकर आहे. जीएसटीचा फॉर्म बरा म्हणायची वेळ येते.

मग उड्डाण. भाच्याला सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे छोटं विमान दिलं आणि आपल्याच जळगावच्या धावपट्टीवर पश्चिमेच्या टोकाला उभं केलं. आधी वॉरथॉग. थ्रॉटल पुढे नेला, वेग आला, आणि विमान डावीकडे सरकत सरकत गवतात गेलं. दुसऱ्यांदाही तेच. सेसनासारख्या एका पंख्याच्या विमानात पूर्ण जोर दिला की नाक डावीकडे ओढलं जातं, ते उजव्या रडरने (रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी) सरळ ठेवावं लागतं. जॉयस्टिकवर रडर मूठ पिळून चालवतात, पण वॉरथॉगच्या मुठीला पीळ नाही. खऱ्या ए-१०च्याही नाही, तिथे पाय वापरतात. म्हणजे वॉरथॉग घेतला की रडरची पेडलं वेगळी घ्यावीच लागतात. कार्टमध्ये ती नव्हतीच.

ग्लॅडिएटरची मूठ पिळता येते, तो पीळही बिनस्पर्शी सेन्सरवर चालतो आणि नको असेल तेव्हा लॉक करता येतो. तिसऱ्या खेपेला विमान मधल्या पट्टीवर राहिलं. वर गेल्यावर डावीकडे तापी आणि पलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसली, तेव्हा पोरगा गप्प झाला. उतरताना दोन वेळा आपटला, तो दोष स्टिकचा नाही.

इथे भुसावळकर हसत होता. म्हणाला, "तू त्याला बैलगाडीला ट्रॅक्टरचं स्टेअरिंग लावून दाखवलंस. आता माझं बघ." त्याने डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर उघडून ए-१०सी सुरू केलं. पुढचा अर्धा तास कीबोर्डला त्याचा हात एकदाही लागला नाही. लक्ष्य धरणं, शस्त्र बदलणं, फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे) सोडणं, रेडिओ, एअरब्रेक, सगळं बोटांच्या टोकांवर आणि नजर पडद्यावरच. ज्या विमानासाठी ते नियंत्रण बनलंय त्यात ते हातमोज्यासारखं बसतं. त्याच्याकडे व्हीआर हेडसेटही आहे. डोळे झाकलेले असताना कीबोर्डवर एफ-७ कुठे ते चाचपडायचं की बोटाने ओळखता येणारा स्विच दाबायचा? या प्रश्नाला वॉरथॉगकडे उत्तर आहे, माझ्याकडे नाही. आमच्या हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ ला निरोप दिलेलं मिग-२१ही तो त्याच स्टिकवर उडवतो. तिथे सगळी बटणं जुळत नाहीत, पण जड मूठ शोभते म्हणतो. हे प्रेमाचं बोलणं झालं, तरी खोटं म्हणवत नाही.

माझं प्रामाणिक मत असं की वॉरथॉगमध्ये खरा पैसा वसूल होतो तो थ्रॉटलमध्ये. दोन वेगळे होणारे, हवे तेव्हा जोडता येणारे दांडे, बाजूला घर्षण कमी-जास्त करायची पट्टी, बंद स्थितीत नेताना उचलून मागे घ्यावं लागणारं खरं कुलूप. ग्लॅडिएटरच्या बैठकीवर थ्रॉटल म्हणून एक छोटीशी खुंटी आहे. सेसनाला ती पुरते, लढाऊ विमानाला हास्यास्पद ठरते. वॉरथॉगचा थ्रॉटल सुटाही विकला जातो. ग्लॅडिएटरची स्टिक आणि वॉरथॉगचा सुटा थ्रॉटल असा आंतरजातीय विवाह मला पूर्ण जोडापेक्षा बरा वाटतो. भुसावळकराला तो अधर्म वाटतो.

पण भाच्याला उडवायचं काय आहे? विचारल्यावर कळलं, त्याला इंडिगोत जायचंय. म्हणजे एअरबस ए-३२०. तिथे बाजूची छोटी साइडस्टिक असते आणि कॅप्टन ती डाव्या हाताने धरतो, थ्रस्टचे दांडे उजव्या हाताने. वॉरथॉगची स्टिक उजव्या हाताचीच आहे. ए-३२०च्या दांड्यांना क्लाइंब, फ्लेक्स, टोगा असे जोराच्या ठराविक पातळ्यांचे खटके असतात, ते वॉरथॉगमध्ये नाहीत. एअरबससाठी थ्रस्टमास्टरचाच टीसीए नावाचा वेगळा, बराच स्वस्त संच मिळतो, त्याची मूठ दोन्ही हातांना चालते. आणि गंमत म्हणजे आपल्या जळगावला फ्लाय ९१ या कंपनीचं जे एटीआर-७२ विमान उतरतं, त्यात स्टिक नसतेच, योक असतो, म्हणजे गाडीच्या स्टेअरिंगसारखा. सेसनालाही योकच. म्हणजे प्रवासी विमानांच्या वाटेवर हे रानडुक्कर कुठेच लागत नाही.

वैमानिक व्हायच्या तयारीसाठी घेतोय, असं पोरं घरी पटवतात, म्हणून हेही सांगून टाकतो. कमर्शियल लायसन्सला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या सिम्युलेटरचं एक मिनिटही त्यात धरत नाहीत. धुळे, शिरपूर, जळगाव, तिन्हीकडे आता प्रशिक्षण मिळतं. तिथली फी पाहिली की जॉयस्टिकची किंमत किरकोळ वाटेल, पण म्हणून ती फीचा भाग होत नाही. चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, वाऱ्याचा अंदाज एवढं घरी शिकता येतं, आणि ते साध्या स्टिकवरही येतं. उलट घरी शिकलेली मुलं बाहेर क्षितिजाकडे न पाहता काट्यांकडे पाहत बसतात, अशी शिक्षकांची नेहमीची तक्रार असते.

आता वजनाचं. ऑनलाइन बाजाराच्या प्लायवूडच्या टेबलावर वॉरथॉग ठेवलात तर जोरात ओढल्यावर टेबल तुमच्याकडे येतं. स्टँड लागतोच. परदेशी तयार स्टँडच्या किमती बघू नका. बैठकीच्या प्लेटला भोकं असतातच, त्यांचं कागदावर माप घेऊन भुसावळकराने फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून घेतला, वर चॉकलेटी रेड ऑक्साइड. दिसतो पंपाच्या चौकटीसारखा, पण हलत नाही. ग्लॅडिएटर हलका असल्याने मी त्याला टेबलाला दोन क्लॅम्पनी धरलंय, पुरतं.

बिघाडाचंही आधी ठरवा. खान्देशात यातलं काहीच दुरुस्त करणारं दुकान नाही, कुरियरनेच पाठवावं लागतं. वॉरथॉग जगभर विकला गेल्याने तो उघडायचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि जुना झाला तरी पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक मिळतं. ग्लॅडिएटरला आपल्या भागात विचारणारं कुणी भेटलेलं नाही. जुना माल घेत असाल तर विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल ही जॉयस्टिक तपासायची खिडकी उघडा, स्टिक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अगदी सावकाश न्या. पडद्यावरची खूण उड्या मारत गेली तर पाणी पिऊन परत या. आणि कुठलंही घ्या, रात्री त्यावर जुनी उशीची खोळ घाला. जानेवारीत सकाळी धातूची मूठ हाताला झोंबते, मेमध्ये घामाने निसटते, यावर उपाय हातमोजाच.

ज्याचं मन डीसीएसमध्ये आहे, ए-१० किंवा एफ-१६ रोज उडवतो, ज्याच्याकडे पेडलं आणि स्टँडची जागा आहे, त्याने वॉरथॉग घ्यावा, रडतखडत दुसरं घेऊ नये. दोन वर्षांनी तोच घेतो आणि आधीचे पैसे वाया जातात. बाकीच्यांनी ग्लॅडिएटर घ्या, उरलेल्या पैशांत पेडलं किंवा जास्त रॅम घ्या. मान वळवून बाहेर बघायचं असेल तर ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर डोकं ओळखतं. ते लावून पाहिलं तेव्हा भाचा धातूची मूठ विसरला.

संध्याकाळी त्याने माझ्यासमोर कार्ट रिकामी केली. मग भुसावळकर थ्रॉटल चादरीत गुंडाळायला लागला तेव्हा त्याने तो पुन्हा एकदा हातात घेतला, दोन्ही दांडे उचलून मागे घेतले, पुढे नेले. "काका, कधी विकायचा झाला तर..."

"नाव लिहून ठेवतो," भुसावळकर म्हणाला, "पण तुझ्याआधी तिघं आहेत." आणि खोक्याला सुतळी बांधून सातच्या गाडीला निघाला.