ठिपकेवाला होला की छोटा तपकिरी होला?

कराड, इस्लामपूर, सांगली या कृष्णाकाठच्या पट्ट्यात एकाच बांधावर हे दोन्ही होले दाणे टिपताना दिसतात. जाती वेगळ्या, पण दोघे एकाच स्पिलोपेलिया प्रजातीतले (genus), दोघांच्याही गळ्यापाशी ठिपके. मग पक्षीनिरीक्षणाच्या नोंदीत लिहायचं काय?

ठिपके आहेत का, यापेक्षा ते कुठे आहेत हे बघा. ठिपकेवाल्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो आणि त्यावर पांढरे ठिपके, अगदी बुद्धिबळाच्या पटासारखे. छोट्याला मागे काहीच नसतं. त्याच्या गळ्याच्या पुढच्या भागावर आणि बाजूंना तांबूस रंगात काळे ठिपके असतात. घोटाळा होतो तो बाजूने काढलेल्या फोटोत, कारण तिथून ठिपकेवाल्याचा पट्टाही थोडा पुढे आल्यासारखा वाटतो. म्हणून एक फोटो पाठीमागून घ्याच.

पाठ दिसली की शंका मिटते. आपल्याकडच्या ठिपकेवाल्याच्या तपकिरी पाठीवर आणि पंखांवर फिकट बदामी ठिपके असतात. छोट्याची पाठ मातकट, बिनठिपक्यांची आणि पंखाच्या कडेला निळसर राखाडी पट्टा. उडताना हा पट्टा चटकन डोळ्यात भरतो. शेपटीच्या पांढऱ्या टोकांवर मात्र विसंबू नका, ती दोघांनाही असतात. आकारात फरक आहे (ठिपकेवाला साधारण 30 सेंटीमीटर, छोटा 26च्या आसपास), पण दोघे शेजारी बसल्याशिवाय तो कळत नाही.

खरी पंचाईत पिल्लांची. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लांच्या मानेवर नक्षी नसते किंवा पुसट असते. अशा वेळी जवळ वावरणारा मोठा पक्षी शोधा. तोही सापडला नाही तर नोंदीत नुसतं ‘होला’ लिहिलेलं बरं. घरट्यावरून ओळखायला जाऊ नका: दोघांचंही चार काटक्यांचं, खालून अंडी दिसतील इतकं विरळ, आणि अंडी दोन, पांढरी.

जागेचाही अंदाज घ्या. महाबळेश्वर, पाटण, चांदोलीकडच्या झाडीत ठिपकेवाल्याची शक्यता जास्त. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या माळावर छोट्याची. तरी हा नुसता अंदाज, पुरावा नव्हे. पाणी आणि झाडं वाढली की ठिपकेवाला तिकडेही दिसू शकतो.

आणि माळावर फिकट राखाडी होला दिसला, मानेमागे एकच काळी रेघ, ठिपका एकही नाही, तर तो या दोघांपैकी नाहीच. तो कंठवाला होला.